दारातला गुलमोहर तोडण्याआधी

वळवाचे दिवस आले की बेळगाव-निपाणीकडच्या ग्रुपांवर तोच मेसेज फिरायला लागतो: गुलमोहर परदेशी आहे, त्यावर पक्षी बसत नाहीत, तो बोअरचं पाणी ओढतो, जरा वारा सुटला की पडतो, दारातला गुलमोहर आजच तोडा. यातली एकच गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

परदेशी म्हणाल तर आहेच, मूळचा मादागास्करचा. पण संकेश्वरी मिरची, निपाणीचा तंबाखू, बेळगावचा बटाटा हीसुद्धा मुळात अमेरिका खंडातली पिकं. पिढ्यान् पिढ्या इथल्या मातीत वाढली आणि आपली झाली. खरी भीती रान बळकावणाऱ्या घाणेरीची आहे. गुलमोहर तसा माजत नाही.

पक्षी बसत नाहीत, हे तर मान वर केली तरी खोटं ठरतं. मे महिन्यात त्यावर कावळ्याचं घरटं असतं, फुलांवर शिंजीर आणि भुंगे असतात, वाळक्या फांदीत तांबट ढोली कोरतो. पाण्याचंही तसंच. याची मुळं वरच्या थरात पसरतात, बोअरच्या खोलीपर्यंत जात नाहीत.

आता पडण्याचं. लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ, हे खरं. पण पडलेल्या झाडाचा बुंधा जवळ जाऊन बघा. बहुतेकदा एका बाजूची मुळं सपाट तोडलेली दिसतात, टोकं काळी पडून कुजलेली. तिथून कधीतरी गटाराचा नाहीतर केबलचा चर गेलेला असतो. दुसऱ्या बाजूला खोडाला भिडवून काँक्रीट ओतलेलं. वर तारांसाठी एकाच अंगाच्या फांद्या उतरवलेल्या, म्हणजे सगळा भार रस्त्याकडे. लाल माती भिजून ढिली झाल्यावर असं झाड कशाच्या आधारावर उभं राहील?

बुंध्याभोवती निदान मीटरभर माती उघडी ठेवा. चर लांबून न्या. मृगाआधी एकदा नीट पाहा: बुंध्याशी अळंबी उगवली आहे का, माती एका बाजूने उचलली आहे का, लांब फांदीला बेचक्यात चीर गेली आहे का. तसं असेल तर जाणत्या माणसाला बोलवा. फांदी उतरवावी लागेल. क्वचित झाडही काढावं लागेल, आणि तेव्हा ते काढलंच पाहिजे. पण भीतीपोटी शेंडा सपाट छाटू नका. तिथून फुटणारे धुमारे खोडाला घट्ट धरत नाहीत, मोठे झाले की तेच मोडतात.

आणखी एक. मेसेजमध्ये महाराष्ट्राच्या कायद्याचा दाखला असतो. आपल्याकडे कर्नाटकाचा 1976 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही.

अरुंद गल्लीत नवा गुलमोहर लावू नये, हे मलाही मान्य आहे. तिथे बहावा लावा, ओल टिकत असेल तर तामण. पहिले दोन-तीन उन्हाळे मात्र पाणी घालावंच लागेल.