कादंबरीतल्या रँचवर रुजू होणाऱ्या गड्यास सूचना

अभिनंदन. वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या काउबॉयांच्या, कादंबरीत रँचवरचा, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या वाडीवरचा, गडी म्हणून तुमची नेमणूक झाली आहे. साल १८८०च्या आसपासचं, मुक्काम टेक्सास, वायोमिंग नाहीतर मोंटाना. नक्की कुठे, याची फार चौकशी करू नका. लेखकाचाही तिथला पत्ता पक्का असतोच असं नाही. जर्मनीच्या कार्ल मे यांनी अपाची सरदाराच्या शौर्यकथा लिहून पिढ्यान्‌पिढ्या वाचकांना वेड लावलं आणि अमेरिकेच्या भूमीवर पहिलं पाऊल टाकलं ते थेट १९०८ साली, तेही पूर्वेकडे फिरून परत आले. वेस्टर्न लिहिणाऱ्या झेन ग्रे यांचा मूळ धंदा न्यूयॉर्कमध्ये लोकांचे दात उपटण्याचा. ते निदान पुढे पश्चिमेकडे गेले तरी.

रुजू होताना एकट्याने या. दिवस मावळायच्या बेताला या. आडनाव सांगू नका. कुठून आलात असं कोणी विचारलंच तर दक्षिणेकडे हात करा आणि गप्प बसा. भूतकाळ असणं सक्तीचं आहे, पण तो दहाव्या प्रकरणाआधी बाहेर काढायचा नाही. मालकाची मुलगी व्हरांड्यात उभी असेल. तिच्याकडे बघायचं नाही, म्हणजे तिने आपल्याकडे बघितलेलं आपल्याला दिसेल.

आता कामाबद्दल. ते करू नका. ही सूचना नवख्यांना कळत नाही आणि मग ते वासरं डागत बसतात. वासरू डागणं हे काय प्रकरण आहे ते एकदा ऐकून ठेवा, म्हणजे त्या वाटेला जाणार नाही. लोखंड लालभडक करून चालत नाही, राखेच्या रंगावर आलं की उचलायचं. एकाने वासराचं डोकं दाबायचं, दुसऱ्याने मागचा पाय ताणून धरायचा, तिसऱ्याने डाग द्यायचा. केस जळतात, डोळ्यांत धूर जातो, आणि कातडं खोगिराच्या चामड्यासारखं तांबूस झालं की लोखंड काढायचं. तेवढ्यात खच्चीकरणही उरकतात. उन्हाळ्यात त्याच जखमांत अळ्या पडल्या की वासराला परत पाडून त्यात कार्बोलिक ओतायचं. दिवसभर हे केलेल्या माणसाच्या अंगाला जो वास येतो, त्या वासावर चुंबनाचं प्रकरण उभं राहत नाही. तेव्हा गुरं क्षितिजावर ठेवा. संध्याकाळच्या उजेडात ती छान दिसतात.

मुक्काम हलवून गुरं कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत न्यायची वेळ आलीच, तर कळपाच्या पुढे राहा. दोनअडीच हजार गुरं, दहाबारा माणसं, दिवसाला दहापंधरा मैल, आणि सगळ्यांत मागे असणाऱ्याने सगळ्या कळपाची धूळ खायची. मागे राहणाऱ्या पोराला कादंबरीत नाव नसतं.

पगाराचा विषय काढू नका. तुमच्या हुद्द्याला ते शोभत नाही. खऱ्या गड्याला महिन्याला तीसेक डॉलर मिळत. घोडे मालकाचे, खोगीर मात्र स्वतःचं, आणि चांगल्या खोगिराला महिन्याचा पगार पुरत नसे. हिवाळा आला की बहुतेकांना घरी पाठवत, म्हणजे ज्यांना घर होतं त्यांना. १८८३ साली टेक्सासच्या उत्तर टोकाला, टास्कोसाच्या बाजूच्या मोठ्या रँचांवरच्या गड्यांनी चक्क संप केला. पन्नास डॉलर द्या, नाहीतर काम बंद. मालकांनी त्यांना काढून टाकलं, दुसरे आणले, आणि काही आठवड्यांत संप विरला. घोड्यावर बसून संप! इतका नाट्यमय प्रसंग हातात असून तो कादंबऱ्यांत जवळजवळ कुठे येत नाही, यावरूनच तुम्ही काय ते समजा. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर पिवळी पडलेली वेस्टर्न पॉकेटबुकं चाळत मी बराच काळ उभा राहिलो आहे. त्यांत माणसं पाण्यासाठी, सोन्यासाठी, बापाच्या खुनासाठी आणि एकदा तर कुत्र्यासाठी गोळ्या घालतात. पगारवाढ मागणारा काही भेटला नाही.

सहकारी निवडताना जपा. बंकहाऊसमध्ये, म्हणजे गड्यांच्या झोपायच्या खोलीत, एक हसरा पोऱ्या असेल, पैसे साठवून लहानसं शेत घ्यायचं आणि लग्न करायचं असं सांगत फिरणारा. त्याच्या शेजारची खाट घेऊ नका. सातव्या प्रकरणात तो जातो आणि मरताना तुमच्या मांडीवर डोकं ठेवतो, सदरा खराब होतो. स्वैपाक्याशी मात्र दोस्ती करा. तो म्हातारा असतो, लंगडतो, शिव्या देतो, आणि शेवटच्या चकमकीत वॅगनखालून बंदूक काढतो. तुम्ही काळे किंवा मेक्सिकन असाल तर माफ करा, मुख्य भूमिकेची जागा भरली आहे. इतिहासकारांच्या एका प्रचलित अंदाजाप्रमाणे गुरं हाकणाऱ्यांत चारातला एक काळा होता, आणि दोर फेकण्यापासून खोगिरापर्यंत सगळी विद्या मेक्सिकन गुराख्यांची, वाकेरोंची. पण ते इतिहासात. इथे तुम्हाला घोडे धरून उभं राहायचं आहे.

पिस्तूल. हे हवंच. किलोभर वजनाचं धूड दिवसभर मांडीवर आपटू द्या. त्या काळातल्या सगळ्यांत मोठ्या रँचांपैकी एक म्हणजे टेक्सासची एक्सआयटी, तीस लाख एकर. ऑस्टिनचं विधानभवन बांधून देण्याच्या बदल्यात राज्याने ही जमीन दिली आणि पैसा बराचसा लंडनहून आला. तिथल्या नियमावलीत गड्यांनी पिस्तूल बाळगायचं नाही, पत्ते खेळायचे नाहीत, दारू प्यायची नाही, असं स्पष्ट छापलेलं होतं. म्हणजे वेस्टर्न कादंबरीचं पहिलं पानच तिथे शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र. डॉज सिटीतही गावात शिरताना हत्यारं जमा करावी लागत. ॲरिझोनातल्या टूमस्टोनमध्ये तोच नियम होता, आणि २६ ऑक्टोबर १८८१ची ओके कोरलची ती जगप्रसिद्ध चकमक हत्यारं काढून घेण्यावरूनच पेटली. ती भर बारा वाजता झाली नाही, तीनच्या सुमारास झाली. चार हातांवरून झाली. आणि अर्ध्या मिनिटात आटोपली. तुम्ही मात्र बाराची वेळ पाळा. सावली पायाखाली येते, वर्णनाला बरं पडतं.

गोळी लागणारच. ती डाव्या खांद्यात घ्या. खांद्यात सांधा, धमन्या, फुप्फुसाचं टोक असलं काही नसतं, तिथे लेखकांनी राखून ठेवलेली मोकळी जागा असते. मालकाची मुलगी पेटीकोट फाडून पट्टी बांधेल आणि चौथ्या दिवशी तुम्ही घोड्यावर असाल. खरे गडी गोळीने कमी आणि इतर भानगडींनी जास्त मरत. घोडा अंगावर पडला, रिकिबीत पाय अडकून फरफटले, पूर आलेल्या नदीत वाहून गेले, उघड्या माळावर वीज पडली. अशा मरणाचा सूड घ्यायला कोणीच सापडत नाही, म्हणून ती मरणं टाळा.

आता रहस्य. कुंपण कापलेलं सापडतं, गुरं नाहीशी होतात, म्हाताऱ्या मालकाचा घोडा रिकामा घरी येतो. तुम्ही गोंधळून जायचं आहे. तीनशे पानं गोंधळून राहायचं आहे. सातबारा वाचून मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला हे जड जातं, कारण त्याला दुसऱ्या प्रकरणातच कळतं की ओढा कोणाच्या हद्दीतून जातो ते बघा म्हणजे खुनी सापडला. शेजारचा तो सभ्य रँचमालक, चांदीची साखळी, मऊ बोलणं, कर्जाचा कागद खिशात. तोच. तरीही तुम्ही आधी मुक्या लोहारावर संशय घ्या, नाहीतर पुस्तक नव्वद पानांत संपेल.

पाण्यासाठी रात्री विहिरीत विष कालवतात हे कादंबरीत ठीक आहे. प्रत्यक्षात ते काम दिवसाउजेडी, भूमी कार्यालयात, शाईने व्हायचं. १८६२च्या होमस्टेड कायद्याने माणशी १६० एकर मिळत. पाच वर्षं राहायचं, घर बांधायचं, कसायचं. त्या कोरड्या मुलखात १६० एकरांवर पोट भरत नाही, पण ते एकर ओढ्याकाठचे असले तर मागची हजारो एकर कोरडी जमीन आपोआप ओढ्यावाल्याची होते. मग मोठे रँचमालक काय करायचे, तर आपल्याच गड्यांना ओढ्याकाठी एकेक दावा टाकायला लावायचे आणि नंतर कागद आपल्या नावावर करून घ्यायचे. बारा बाय चौदाचं घर बांधल्याची शपथ घ्यायची आणि ती मापं फूट नव्हे, इंच असायची, असेही किस्से नोंदलेले आहेत. साक्षीदार म्हणून सही करायला बंकहाऊसमधलाच कोणीतरी. म्हणजे तुम्ही ज्या कटाचा माग काढत तीनशे पानं दौडता आहात, त्याच्या कागदावर अंगठा तुमचाच असण्याची शक्यता आहे. लेखकाला हे सांगू नका, त्याला संपूर्ण कादंबरी परत लिहावी लागेल.

धोका कमी पडतोय असं वाटलं तर वायोमिंगच्या जॉन्सन काउंटीकडे बघू नका, तिथे फारच झाला. १८९२च्या एप्रिलमध्ये बड्या मालकांनी टेक्सासहून बंदूकवाले भाड्याने आणले, रेल्वेने आणले, मारायच्या माणसांची यादीही बरोबर घेतली. केसी रँचवर त्या यादीतला नेट चॅम्पियन नावाचा माणूस दिवसभर एका लाकडी घरातून झुंजत राहिला आणि गोळ्या चालू असताना वहीत टिपणं करत राहिला. शेवटी घराला आग लावली आणि तो बाहेर पळाला तेव्हा त्याला टिपला. मग गावच्या लोकांनी उलट हल्लेखोरांनाच एका रँचवर कोंडलं, तर त्यांना सोडवायला राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने घोडदळ आलं. खटला काउंटीच्या खर्चाने चालायचा होता, तिची ऐपत नव्हती, आणि १८९३च्या सुरुवातीला तो बारगळला. बघा, रहस्य म्हणून किती कच्चा माल आहे हा. खुनी कोण हे सगळ्या राज्याला माहीत, यादी कागदावर, मरणाऱ्याची वही हातात, आणि शेवटच्या प्रकरणात कोणालाच काही होत नाही. कुठलाही प्रकाशक हे हस्तलिखित परत पाठवेल.

त्यापेक्षा तुमचा शेवट छान आहे. शेजाऱ्याला ओढ्यातच गोळी लागते, कर्जाचा कागद भिजून जातो, आणि मालकाची मुलगी व्हरांड्यातून एक पायरी खाली उतरते. लग्न करून टाका. रँच तिच्या नावावर आहे, म्हणजे पहिल्या पानावरचा तीस डॉलरवाला गडी शेवटच्या पानावर वीस हजार एकरांचा धनी. गड्याचं भलं व्हायची वेस्टर्नमधली ही एकच रीत मला दिसली.

पुस्तक इथे मिटतं, तुमचा हिशेब मात्र पुढे चालू राहतो. कुंपणाची नवी तार घ्यायची आहे, बैलांचा भाव पडला आहे, बँकेचा हप्ता थकला आहे. पहिला हिमवर्षाव व्हायच्या आत बंकहाऊसमधल्या निम्म्या पोरांना निरोप द्या, आणि वसंतात उरलेली पोरं पगारवाढ मागायला दारात आली तर त्यांना सांगा, इथून कॅन्ससपर्यंत माणसांना तोटा नाही.