जागृत देवस्थानाच्या शेजारी

सध्या घर शोधतोय. पुण्यात, रीसेलचं, टू बीएचके. तीन महिन्यांत एक गोष्ट कळली की एजंट घर दाखवायच्या आधी देऊळ दाखवतो. "सर, खाली उतरलं की गणपती. आईंना एकदम सोयीचं." सोबत आई असली की त्याचा आवाज आणखी मऊ होतो. परवाचं देऊळ 'दोन मिनिटांवर' होतं. प्रत्यक्षात बेडरूमच्या खिडकीतून हात लांब केला तर घंटा वाजवता आली असती. बरोबर समोर, पत्र्याच्या कोपऱ्याला, राखाडी भोंगा. तोंड आमच्याकडे. मी भोंग्याकडे बघतोय, एजंट माझ्याकडे बघतोय आणि आई हात जोडून उभी.

मी मूळचा पंढरपूरचा. आमचं घर प्रदक्षिणा मार्गाच्या आत. त्यामुळे देवाजवळ राहणं कशाला म्हणतात हे मला कुणी ब्रोशर देऊन शिकवू नये.

आषाढीच्या आधी विठोबाचा पलंग निघतो आणि दर्शन चोवीस तास सुरू होतं. देवच झोपत नाही तिथे शेजाऱ्यांची काय कथा! बाहेरची खोली, माडी, ओसरी दिंडीला दिलेली. आम्ही सहा जण स्वयंपाकघरात पाय दुमडून पडायचो. पहाटे तीनला मोरीपुढे रांग. जिन्याच्या कठड्यावर ओली धोतरं, घरभर बुक्क्याचा वास. आजी पिण्याच्या पाण्याच्या पिंपावर झाकण ठेवायची आणि झाकणावर वरवंटा. वरवंटा सरकल्याचा आवाज आला की ती झोपेतूनच "कोण आहे रे?" म्हणायची. दरवर्षी परभणीकडची तीच माणसं यायची. जाताना पैसे द्यायचीच, वर पायलीभर तूरडाळ ठेवून जायची. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार यात्रांवर आमच्या दोघा भावांची फी आणि वह्या निघायच्या. देवळाजवळच्या घराला गावात मान होता तो या ओसरीमुळे. शांतता हवी असलेले लोक स्टेशनकडे बंगले बांधून गेले. झोप मिळाली त्यांना, पण वारकरी काही तेवढं अंतर चालून त्यांच्याकडे उतरायला गेले नाहीत.

आता त्याच घरांची गंमत बघा. काशीत विश्वनाथ धामासाठी तीनशेहून अधिक मालमत्ता घेतल्या गेल्या, २०२१ च्या डिसेंबरात त्याचं उद्घाटन झालं, आणि पुढच्याच वर्षी पंढरपुरात 'कॉरिडॉर' हा शब्द, म्हणजे देवळाभोवतीची घरं घेऊन जागा मोकळी करायचा आराखडा, येऊन पोचला. रहिवासी आणि व्यापारी रस्त्यावर उतरले. आमच्या गल्लीत आज घर विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक पाणी, लाइट काही विचारत नाही. "आराखड्यात येतंय का?" एवढंच विचारतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जवळिकीवर पोट भरलं तीच आता मुळावर आलीय.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्याला तिथे खोल्या भाड्याने द्यायच्या नाहीत, हार-पेढे विकायचे नाहीत, त्याने जागृत देवस्थानाशेजारी घर घेऊ नये. देव जागृत असला की गल्लीही जागृत असते. माझा एक मित्र प्रभादेवीला राहतो, सिद्धिविनायकापासून हाकेच्या अंतरावर. मंगळवारी त्याच्याकडे जेवायला जायचं नाही हा आमच्यातला अलिखित नियम. अंगारकीला तर तो स्वतःच बहिणीकडे जातो. मे २०२५ पासून तिथे मेट्रो-३ चं स्थानकही झालं, देवळाच्याच नावाचं. त्याच्या फ्लॅटचा भाव वाढला म्हणतात. विकणार नसेल तर त्या भावाचं त्याने काय करायचं?

माझी आत्या वेगळंच सांगते. देवळाच्या कळसाची सावली घरावर पडू नये म्हणे. वास्तुवाल्यांनी सावली बरोबर मोजली, आवाज मात्र कुणी मोजला नाही. तो २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. त्याच निकालात पोलिसांना असंही सांगितलंय की तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करा. मला विचाराल तर सगळ्यात मोलाची ओळ ती. कारण भोंग्याविरुद्ध तक्रार करणारा माणूस सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्या दिवशी धर्मबुडवा ठरतो, मग प्रार्थनास्थळ कुणाचंही असो.

ऑफिसातल्या एका मित्राचं दुखणं निराळं. तो मुसलमान आहे, त्यालाही शांत घर हवंय. एजंट त्याला मशिदीजवळचीच घरं दाखवतात. "सर, तुम्हाला बरं पडेल." त्याने मशीद मागितलीच नव्हती. त्याला शाळेजवळ घर हवं होतं.

एवढं सगळं मी घरी आईला ऐकवलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "तुझं बरोबर आहे. पण मी दिवसभर पाचव्या मजल्यावर काय करू?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. सहा वर्षं झाली तिला पुण्यात येऊन. आमच्या भाड्याच्या सोसायटीत 'ज्येष्ठांसाठी कट्टा' आहे, रंगीत बाकं आहेत, तिथे कुत्री झोपतात. देवळात संध्याकाळी हरिपाठाला बसलं की "का आलात?" असं कुणी विचारत नाही, आणि दोन दिवस गेलं नाही की "कुठे होता, बरं नव्हतं का?" असं विचारतात. ही सोय कुठल्या बिल्डरने दिलेली मी तरी अजून पाहिली नाही.

गेल्या रविवारी एजंटने जरा ओशाळून एक घर दाखवलं. "सर, मंदिर आहे, मारुतीचं. पण एवढं फेमस नाही." गल्लीच्या टोकाला बसकं देऊळ, एक ट्यूबलाइट, पायरीवर चार म्हाताऱ्या. खांबावर स्पीकर होता, पण त्याची वायर तुटून लोंबत होती. मी वॉचमनला विचारलं, नवसाला पावतो का हो? तो म्हणाला, "नाही साहेब, साधाच आहे."

जागच्या जागी टोकन दिलं.

पार्किंग मोजून वर आलो तर आई देवळात जाऊन आलेली. चारही म्हाताऱ्यांची नावं पाठ, त्यातली एक सांगोल्याची निघाली. हातात पावती. नवीन साउंड सिस्टीमसाठी वर्गणी, ५०१ रुपये. माझ्या नावाने फाडलेली.