तक्ता चाळीसवर संपतो

गाडीसोबत एक पुस्तक मिळतं. आमच्याकडे ते डॅशबोर्डच्या कप्प्यात असतं आणि पीयूसीचा कागद चुरगळू नये म्हणून त्याचा उपयोग होतो. त्यात मागच्या बाजूला इंजिन ऑइलचा एक तक्ता आहे. खाली तापमानाची पट्टी आणि वर आडव्या रेघांवर ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० अशी नावं. पट्टी डावीकडे उणे ३० पासून सुरू होते आणि उजवीकडे ४० अंशांवर संपते. जळगावात एप्रिल अर्धा सरला की चाळीस म्हणजे जरा बरं वातावरण. तक्ता जिथे संपतो तिथून आमचा उन्हाळा सुरू होतो. मे महिन्यात भुसावळ पंचेचाळीसला टेकलं की पेपरात रुमाल बांधलेल्या मुलींचा फोटो येतो आणि तो दरवर्षी तोच असावा असा मला दाट संशय आहे.

गाडी साधी आहे. एक लिटरचं, तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. तेल मावतं तीन लिटरच्या आसपास. पुस्तक म्हणतं ०डब्ल्यू-२० घाला, नाहीतर ५डब्ल्यू-३० चालेल. इतकं सरळ वाक्य वाचून माणसाने पुस्तक मिटावं आणि दुकानात जावं. पण पुस्तक लिहिणाऱ्याला सासरा नसावा. असलाच तर तो अमळनेरला राहत नसावा.

आधी त्या आकड्यांचं सांगतो. डब्ल्यू हिवाळ्याचा. त्याच्या अलीकडचा आकडा तेल थंडीत कसं वागतं ते सांगतो, पलीकडचा आकडा ते १०० अंशांना तापल्यावर किती दाट उरतं ते. ५डब्ल्यू हे नाव मिळवायचं तर उणे ३० अंशांत इंजिन फिरलं पाहिजे आणि उणे ३५ अंशांतही तेल पंपाने ओढलं गेलं पाहिजे. ०डब्ल्यूची परीक्षा याहून पाच अंश खाली. आमच्याकडे डिसेंबरात पारा नऊवर आला की लोक मफलर घालून कपाशीच्या काड्या पेटवतात आणि त्यावर भरताची वांगी भाजतात. ज्या तेलाने उणे ३५ पाहिलंय, त्याला इथे आणून आपण त्याचा अपमान करतोय असं कुणालाही वाटेल. ज्याला वाटणार नाही तो खान्देशातला नव्हे.

आमच्या मिस्तरींना तर हे तेल आहे हेच मान्य नव्हतं. अजिंठा चौफुलीच्या अलीकडे त्यांचं गॅरेज. मी मोबाइलवर ०डब्ल्यू-२० चा फोटो दाखवला. त्यांनी कपाटातून कुणाचा तरी उरलेला डबा काढला, एक थेंब अंगठ्यावर घेतला, तर्जनी लावून ताणला. तार आली नाही.

"सर, हाई पानी शे. हाई तेल नही."

"पुस्तकात दिलंय पण."

"पुस्तक लिखणारानी आपलं ऊन देखेल शे का? मे महिनामा हाई तेल कोठे जाई, तुमले समजावं नही. घट्ट टाका. टेन्शन लेवानं काम नही."

घट्ट म्हणजे २०डब्ल्यू-५०. त्याचा थेंब त्यांनी ताणून दाखवला. तार आली, चांगली आली, आणि गॅरेजमधल्या दोन्ही पोरांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. पुराव्याच्या पातळीवर मी तिथेच हरलो होतो.

मिस्तरींची बाजू घ्यायची तर त्यांचं शिक्षण काळी-पिवळी जीपवर झालंय. त्या जीपमध्ये माणसं मोजायची पद्धत नव्हती, किलोमीटर मोजणारा काटा बंद असायचा. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, बेअरिंगमधली फट वाढलेली, मागून निळा धूर. अशा इंजिनात दाट तेल घातलं की फटीत टिकून राहतं, तेलाचा दाब वर येतो, खडखडाट दबतो आणि गाडी आणखी एक लग्नसराई काढते. त्यांनी जे पाहिलं ते खरंच होतं. फक्त आमच्या इंजिनातल्या फटी अजून फटी म्हणण्याइतक्या मोठ्या झालेल्या नाहीत, आणि व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी जी यंत्रणा त्यात आहे ती तेलाच्या दाबावर, बारीक वाटांमधून चालते. पण हे मी गॅरेजमध्ये बोललो नाही. ज्याच्या हातात पाना आहे त्याच्याशी वाद घालू नये.

रविवारी अमळनेरला बट्टीचा बेत होता. मामा, म्हणजे माझे सासरे, एसटीच्या डेपोत वर्कशॉपला होते. त्यांना कुणीतरी आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं. कुणी ते मला माहीत आहे, पण त्याच व्यक्तीने मला आत्ता चहा दिलाय.

"जवाईबापू, आमच्या वेळी नुसतं चाळीस नंबर यायचं," मामा म्हणाले. "एक नंबर. तुमच्या डब्यावर दोन-दोन नंबर कशाला? कंपनीलाच नक्की ठरवता येईना का?"

मी म्हटलं, "मामा, ते मल्टिग्रेड असतं. त्यात पॉलिमर घातलेले असतात. तेल गार असताना ते आकसून बसतात आणि तापलं की पसरतात. म्हणून तेल तापल्यावर व्हावं तितकं पातळ होत नाही."

"म्हणजे भेसळ."

यावर मला उत्तर सुचलं नाही. खरं तर अजूनही सुचलेलं नाही. मामांनी बट्टी कुस्करली, तूप ओतलं आणि विषय मिटवायच्या आवाजात म्हणाले, "पातळ वरण आणि पातळ तेल पाहुण्याला वाढतात. घरच्याला नाही." मी माझ्या वाटीतल्या वरणाकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं.

पुण्याच्या पुतण्याने वेगळीच बाजू काढली. तो दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतो, त्यामुळे त्याला गाड्यांची खूप माहिती आहे. "काका, कंपन्या पातळ तेल का सांगतात? सरकारचे मायलेजचे नियम. २०१७ला आले, २०२२ला आणखी कडक झाले. पातळ तेलाने घर्षण कमी होतं, कागदावर मायलेज वाढतं. इंजिन तुमचं, मार्क त्यांचे."

हे सगळं खोटं नाही, म्हणूनच जास्त त्रासदायक. नियम आहेत, आणि पातळ तेलाने पेट्रोल थोडं वाचतं हेही खरं. पण मायलेजसाठी कंपनी स्वतःचीच इंजिनं वॉरंटीत जाळून घेईल, इतकी ती उदार असल्याचं मी तरी कुठे पाहिलेलं नाही. बेअरिंग तेलाच्या जाडीचा विचार करूनच घडवलेलं असतं. पुतण्याने मला एक आकडाही दिला. तेल १५० अंशांवर असताना, दोन भागांच्या मध्ये जोरात रगडलं जात असताना, किती दाटपणा टिकला पाहिजे त्याची किमान मर्यादा. २० नंबरला २.६, ३० नंबरला २.९, आणि २०डब्ल्यू-५० ला ३.७. हे आकडे मी वहीत लिहून घेतले आणि जेवताना समोर ठेवले.

"दोन पॉइंट सहा आणि दोन पॉइंट नऊ," बायकोने वाचलं. "या पॉइंट तीनसाठी तुम्ही कालपासून तोंड उघडलेलं नाही?"

दुकानदाराचा मात्र कुठल्याच सिद्धांतावर विश्वास नव्हता. त्याच्या फळीवर पुढे सगळं दाट तेल, कारण रिक्षा आणि जुन्या गाड्या तेच नेतात. ५डब्ल्यू-३० मागे, धुळीत. "घ्यायचं तर हे घ्या सर," तो २०डब्ल्यू-५० पुढे सरकवत म्हणाला, "स्वस्त पण आहे आणि यावर टी-शर्ट फ्री आहे." टी-शर्ट वाईट नव्हता. मी डबा उलटा करून एपीआयचा, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा, शिक्का शोधायला लागलो. एसवरून सुरू होणारी अक्षरं पेट्रोल गाडीची, सीवरून सुरू होणारी डिझेलची, आणि दुसरं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा. २०२०ला एसपी आलं, २०२५ला एसक्यू. दुकानदार मी शिक्का वाचत असताना तीन गिऱ्हाइकं उरकून मोकळा झाला.

या सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट समान होती आणि मला ती फार उशिरा खटकली. सगळे बाहेरच्या उन्हाबद्दल बोलत होते. मी शाळेत भूगोल शिकवतो, मीही उन्हाबद्दलच विचार करत होतो. पण इंजिनाला बाहेर जळगाव आहे की कुलू, हे फारसं कळत नाही. आतला थर्मोस्टॅट ८० ते ९० अंशांच्या दरम्यान कुठेतरी उघडतो, मग पाणी रेडिएटरकडे फिरतं, पंखा लागतो आणि इंजिनातलं पाणी नव्वदच्या आसपास धरून ठेवलं जातं. तेल शंभरच्या आगेमागे. सिलिंडरात पेट्रोल भडकतं तेव्हा तिथला वायू क्षणभर दोन हजार अंशांच्या वर असतो. तिथे आपल्या पंचेचाळीसला कोण विचारतो? हे वाक्य भुसावळच्या माणसापुढे बोलू नका. उन्हाबद्दल कुणी कमी बोललेलं त्याला सहन होत नाही.

उलट तेल दाट असल्याचा त्रास होतो तो सकाळी. ५डब्ल्यू-३० सारखं तेलसुद्धा ४० अंशांना, शंभरच्या मानाने साधारण सहा पट दाट असतं. ४० म्हणजे आमची मे महिन्यातली दुपारची सावली. पहाटे तर पारा त्याच्या बराच खाली. २०डब्ल्यू-५० तेव्हा त्याहून दुपटीने दाट. इंजिन चालू केल्यावर तेल वरपर्यंत पोचेतो जी घासाघीस होते ती होते. म्हणजे तेलाच्या दृष्टीने खान्देशात बाराही महिने थंडीच आहे. हे मी वर्गात सांगितलं असतं तर पालक भेटायला आले असते.

मग मी काय घेतलं? ५डब्ल्यू-३०. ०डब्ल्यू-२० का नाही, याला कारण कन्नडचा घाट. चाळीसगावहून मे महिन्यात भर दुपारी, गाडीत पाच माणसं, मागे पापडांचे डबे, एसी तीनवर आणि पुढे उसाचा ट्रॅक्टर. अशा वेळी पाण्याचा काटा मध्यावर असला तरी तेल शंभरच्या बरंच पुढे जातं. तेव्हा तो पॉइंट तीन माझ्या बाजूला असलेला बरा. पुस्तकानेच दिलेल्या दोन नावांतलं दाट नाव मी उचललं, त्यामुळे पुस्तकही नाराज नाही. मामांना मी तीस नंबर सांगितला. पहिला आकडा सांगितला नाही.

डबा घेऊन मी गॅरेजला गेलो. मिस्तरींनी खालचा नट उघडला. जुनं तेल काळंकुट्ट निघालं आणि ते पाहून बाकावरचा एक अनोळखी गृहस्थ म्हणाला, "बघा, जळलं." आता, तेल काळं होतं कारण त्यातलं डिटर्जंट काजळी धरून ठेवतं, ते त्याचं कामच आहे. पण अनोळखी माणसाला किती सांगणार? फिल्टर बदलला, नवं तेल ओतलं, गेज काढून पाहिलं. खुणेपाशी आलं होतं. गाडी चालू केली तेव्हा मिस्तरींनी सगळ्यांना हाताने गप्प केलं आणि कान लावला.

"ऐका सर. टपेट बोली राहिनात."

सगळ्यांनी टपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांची, टकटक ऐकली. मलाही ऐकू आली. बाकावरच्या गृहस्थाने चक् चक् केलं. तेवढ्यात पलीकडच्या रिक्षावाल्याने त्याचं इंजिन बंद केलं आणि आवाजही बंद झाला. मिस्तरींनी हात पुसले.

"तुमनी गाडी, तुमनी मर्जी," ते म्हणाले आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर लावायला वाकले. त्यावर छापील रकाने असतात. तारीख, आजचे किलोमीटर, पुढचे किलोमीटर, ऑइलचा ग्रेड. पहिले तीन त्यांनी झरझर भरले. चौथ्यापाशी थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि बारीक, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मालकाच्या जबाबदारीवर'.