जाहिरात होती, पण हातात थांबणारी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या फ्लिपबुकांवरचा (भराभर पानं सोडली की चित्र हलताना दिसतं, ती चोपडी) आणि सेलवरचा (कार्टूनचं एकेक चित्र रंगवलेलं पारदर्शक प्लॅस्टिकचं पान) माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात, याबद्दल मनापासून आभार. अशा वस्तू हातात घेऊन अ‍ॅनिमेशन शिकता येतं, असं मी त्यात म्हटलं होतं. तुमचे आक्षेप तीन. या वस्तू म्हणजे निव्वळ जाहिरात होती. अ‍ॅनिमेटर सरावाने घडतो, असल्या चोपड्यांनी नाही. आणि सेल विकली डिस्ने कंपनीने, पण ती रंगवणाऱ्यांचा उल्लेख माझ्या लेखात नाही. तिसरा आक्षेप मला लागला. त्याकडे शेवटी येतो.

जाहिरात होती, हे मान्य. बर्मिंगहॅमच्या जॉन बार्न्स लिनेट यांनी १८६८ साली फ्लिपबुकाचं पेटंट घेतलं आणि पुढे विक्रेत्यांनी ही चोपडी आपल्या मालाच्या प्रचाराला जुंपली. पण सरावाचा मुद्दा घ्यायचा तर विन्सर मॅके यांच्याकडे बघा. ते नावाजलेले वृत्तपत्र-चित्रकार होते, हात कित्येक वर्षांचा तयार होता. तरी हलत्या चित्रांची कल्पना आपल्याला मुलाने घरी आणलेल्या फ्लिपबुकांवरून सुचली, असं ते सांगत. १९११ च्या त्यांच्या पहिल्या चित्रपटासाठी त्यांनी सुमारे ४,००० चित्रं काढली. सराव होताच, तो कुठे लावायचा हे त्या चोपडीने दाखवलं.

आता माझ्या मते मूळ मुद्दा. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम निघून जातात आणि डोळ्याच्या हाती काही लागत नाही. फ्लिपबुकात वेग अंगठ्याचा. सावकाश सोडा, उलटं फिरवा, एकाच पानावर थांबा. उडी मारणारं पात्र आधी खाली दबतं, हे तिथे दिसतं. हालचालीच्या दोन्ही टोकांना चित्रं एकमेकांना खेटून असतात आणि मधे अंतर वाढतं, हेही दिसतं. अ‍ॅनिमेटर ज्याला स्पेसिंग म्हणतात ते हेच, आणि ते बोटांना आधी कळतं, शब्द नंतर येतो. मी आजही अडलो की एखादं जुनं फ्लिपबुक घेऊन बसतो. पात्राचं चित्र छापलेला कप किंवा बिल्ला यातलं काहीच देत नाही. त्या वस्तूंबद्दल तुमचं म्हणणं मी जसंच्या तसं स्वीकारतो. ज्या वस्तूत काम कसं झालं हे उघडं दिसतं, फक्त तिच्याबद्दल मी बोलतोय.

डिस्नेलँडमध्ये १९५५ साली सुरू झालेलं 'आर्ट कॉर्नर' नावाचं दुकान म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. तिथे फ्लिपबुकं मिळत आणि चित्रपटांत खरोखर वापरलेल्या सेलही. नाहीतर सेल धुऊन पुन्हा वापरायच्या किंवा टाकून द्यायच्या, ही स्टुडिओंची जुनी रीत. ज्या मुलाच्या हाती अशी सेल पडली त्याने ती उलटून पाहिली असेल, तर त्याला कळलं असेल की रेषा पुढून आहे आणि रंग मागून भरलाय.

पुस्तकांचंही तसंच. बॉब थॉमस यांचं 'द आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन' १९५८ साली आलं, ते डिस्नेच्या 'स्लीपिंग ब्यूटी' या चित्रपटाची हवा करायलाच. पुढे 'टॉय स्टोरी' दिग्दर्शित करणाऱ्या जॉन लॅसेटर यांना ते शाळेच्या लायब्ररीत सापडलं आणि कार्टून बनवणं हा पोटापाण्याचा व्यवसाय असू शकतो, हे त्यांना तेव्हा समजलं. प्रचाराचा हेतू आणि पुस्तकाने केलेलं काम, दोन्ही खरं आहे.

आता तिसरा आक्षेप. मी लिहिलं होतं की प्रत्येक सेल 'अ‍ॅनिमेटरच्या हातची' आहे. हे चूक आहे. अ‍ॅनिमेटर कागदावर पेन्सिलीने काढायचा. ते चित्र सेलवर शाईने गिरवायचं आणि मागून रंगवायचं काम इंक अँड पेंट विभागाचं, आणि डिस्नेत तिथे बहुतेक बायका होत्या. १९६१ च्या 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स'मध्ये झेरॉक्सने रेषा सेलवर उतरवल्या जाईपर्यंत ती थरथर न करणारी बारीक रेषा त्यांच्याच हातची होती. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं सहसा नसत. आर्ट कॉर्नरच्या सेलमागच्या सोनेरी चिकटपट्टीवरही नाव वॉल्ट डिस्नेंचं. ज्या रेषेचं मी कौतुक केलं ती कुणाची, हेच मी चुकीचं सांगितलं होतं.

मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललंय आणि इंक अँड पेंटवर एक परिच्छेद जोडलाय. वाचून पाहा, अजून काही खटकलं तर जरूर कळवा.