पोरगं आहे की कुंडी?

झालं, आला मेसेज. "सोमवारपासून आपला पाल्य ३री ब ऐवजी ३री ड मध्ये बसेल." बसेल म्हणे! कुंडी आहे का ती, इकडून उचलली तिकडे ठेवली?

जूनपासून ही तिसरी बाई. पहिल्या बाईंना पोरांची नावं पाठ झाली तोवर त्या निवडणुकीच्या बीएलओ ड्युटीवर, मतदार याद्या घेऊन दारोदार. २००९ च्या आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं देऊ नका, आणि त्याच वाक्यात जनगणना, आपत्ती, निवडणुकीला सूट! मग उरलं काय, कपाळ? दुसऱ्या बाईंना कुठे कळायला लागलं होतं की हा मागच्या बाकावर बसला की गप्प होतो, 'ध' आणि 'घ' मध्ये गोंधळतो, कुणी ओरडलं की पार लॉकच होतो. हे कुठल्या रजिस्टरात लिहितात सांगा ना? ते बाईंच्या डोक्यात असतं, आणि बाई राहिल्या ब मध्ये.

नव्या बाई चांगल्या असतील हो, पण पहिल्याच दिवशी विचारतात "नवीन ॲडमिशन का रे?" तिसरं वर्षय त्याचं त्या शाळेत!

कारण विचारलं तर "पटसंख्या बॅलन्स करायची होती." अहो ३० पोरांमागे एक शिक्षक हे मलाही माहितीये, पण ते गणित जूनमध्ये नाही सुटत, दिवाळीनंतरच आठवतं? आणि डबा शेअर करणारा मित्र गेला तो वेगळाच.

आज सकाळी दप्तर घेऊन सरळ ब च्याच दारात जाऊन उभा राहिला.