उपवासकाळ सुखात काढायचा असेल तर

राखेचा बुधवार, म्हणजे कपाळाला राख लावून ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो तो दिवस, जवळ आला की आपल्या वसईत ख्रिस्ती लोकांना उगाच टेन्शन येतं, यंदा काय सोडायचं म्हणून. कोणी म्हणतं चहातली साखर, कोणी म्हणतं सिरीयल, एखादा फारच जोशात असला तर दारू. अहो, एवढं घाबरायचं काय त्यात? नियम नीट वाचा. चर्चचे कायदे बारकाईने वाचणाऱ्या माणसाला सहसा त्रास होत नाही, त्रास होतो तो अर्धवट ऐकून मनाला लावून घेणाऱ्याला.

1983 च्या कॅनन लॉ, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याप्रमाणे सक्तीचा उपवास वर्षातून दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तोही अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. म्हणजे एरवी सभेत स्वतःला तरुण म्हणवून घेणाऱ्या काकांना त्या दोन दिवशी आपली जन्मतारीख बरोबर आठवली तर हसू नका, तुम्हीपण आठवून ठेवा. उपवास म्हणजे एक पोटभर जेवण, आणि सकाळ-संध्याकाळ थोडंसं काही चालतं. थोडंसं म्हणजे किती? 1966 मध्ये सहाव्या पॉल पोपमहाशयांनी हे तिथल्या तिथल्या रीतीवर सोडलं. आता आपल्याकडची रीत काय आहे ते तुम्ही कुठल्याही लग्नाच्या पंगतीत बघितलंच असेल, तेव्हा त्या हिशोबाने थोडंसं घ्या.

राहिलं मांस. ते राखेच्या बुधवारी आणि सगळ्या शुक्रवारी वर्ज्य, चौदा वर्षांपासून पुढे मरेपर्यंत, इथे मात्र वयाची सूट नाही. पण मासळी म्हणजे मांस नव्हे हे चर्चने फार पूर्वीच ठरवलंय आणि देवाने आपल्याला अर्नाळा आणि पाचूबंदर ही मासळीची बंदरं इतक्या जवळ देऊन ठेवलंय, यात काही संकेत असेलच ना. तेव्हा शुक्रवारी चिकन बिलकुल नको, त्याग म्हणजे त्याग, त्याऐवजी भरलेलं पापलेट, कोळंबीचं कालवण, बाजूला सुरमईच्या दोन तुकड्या, आणि जेवताना एकदा तरी उसासा टाकून म्हणायचं की आज काय बाबा, उपवासाचंच आहे.

दारू सोडलेल्यांसाठी अजून एक सोय आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलं तर दिवस भरतात 46. त्यातले सहा रविवार वजा केले की चाळीस, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नसतो. ही माहिती धर्मशिक्षणाच्या वर्गात कोणाच्या लक्षात राहिली नसेल पण सोसायटीच्या गच्चीवर सगळ्यांना तोंडपाठ असते. 2018 आणि 2024 ला राखेचा बुधवार नेमका 14 फेब्रुवारीला आला होता, तेव्हा मात्र नवीन लग्न झालेल्यांची पंचाईत झाली. 2029 ला परत येतोय, आत्तापासून तयारीला लागा.

राख लावून घेतल्यावर फोटो काढायला विसरू नका. कपाळावर उजेड नीट पडला पाहिजे आणि चेहरा शक्य तितका उतरलेला. त्या दिवशीच्या मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात, त्यात येशू सांगतो की उपवास कराल तेव्हा तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका. हे वाचन संपतं आणि लगेच सगळे रांगेत उभं राहून कपाळ काळं करून घेतात, आणि बाहेर आल्यावर स्टेटस टाकतात. आता यात विसंगती बघणारे लोक असतात, त्यांना ब्लॉक करा.

आता पापनिवेदन, म्हणजे कन्फेशन, फादरांपुढे आपली पापं कबूल करणं. हा विषय जरा नाजूक आहे. वर्षातून निदान एकदा गंभीर पापं सांगायलाच पाहिजेत असा नियम चर्चच्या 1215 मधल्या लॅटरन धर्मपरिषदेपासून आहे, त्यामुळे टाळता तर येणार नाही, पण रांग निवडणं आपल्या हातात आहे. उपवासकाळात आजूबाजूच्या धर्मग्रामातून (म्हणजे दुसऱ्या पॅरिशमधून, दुसऱ्या चर्चमधून) फादर मदतीला येतात, त्यातले जे सगळ्यात वयस्कर आणि ज्यांना कमी ऐकू येतं असा लौकिक आहे त्यांच्यापुढची रांग नेहमी सगळ्यात लांब असते, तरी तिथेच उभं राहा. आपल्या पॅरिशच्या फादरांकडे जायचं तर तुमचा आवाज ओळखतात ना ते. कन्फेशनचं गुपित कुठल्याही परिस्थितीत फुटत नाही, फोडणारा फादर बहिष्कृत होतो, हे खरं आहे, पण तुम्हाला त्यांच्याच शेजारी बसून फायनान्स कमिटीची मीटिंग करायची असते.

आत गेल्यावर स्वतःची पापं थोडक्यात आटपून दुसऱ्यांची सविस्तर सांगा. फादर, सून उलट बोलते. फादर, शेजाऱ्याने कुंपण दोन फूट आत घेतलं आणि मला राग आला. बघा, पाप कोणाचं, क्षमा कोणाला, आणि बाहेर येताना मन किती हलकं.

गंभीर पाप म्हणजे मर्त्य पाप होण्यासाठी तीन गोष्टी लागतात, कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या पुस्तकाचा, 1857 वा परिच्छेद (नंबर लक्षात ठेवायला सोपा, बंडाचं साल). बाब गंभीर पाहिजे, माणसाला पूर्ण जाणीव पाहिजे आणि पूर्ण संमती पाहिजे. हुशार माणसाचं लक्ष लगेच दुसऱ्या अटीवर जातं. जाणीवच नसेल तर? म्हणून प्रवचन सुरू झालं की आपले पुरुष मंडळी बाहेर चिंचेखाली का जाऊन उभी राहतात याचा उलगडा होईल, ती सिगारेटसाठी नाही, ती आत्म्याच्या रक्षणासाठी जातात. फक्त दोनच परिच्छेद पुढे 1859 मध्ये लिहिलंय की मुद्दाम ओढून घेतलेलं अज्ञान आणि मनाचा कठोरपणा यांनी दोष कमी होत नाही, उलट वाढतो. तो वाचू नका.

पण खरी कसोटी कुठे लागते सांगू? शांतीचं चिन्ह देताना. पवित्र मिस्साबलिदानाच्या मध्यावर फादर म्हणतात एकमेकांना शांती द्या आणि तेव्हा कळतं की बाकावर जागा बघून बसलो नाही. समजा वाडीच्या वाटणीवरून भावाशी बोलणं बंद आहे (आणि वसईत जमिनीला बिल्डरचा भाव आल्यापासून कोणाच्या घरी नाहीये सांगा), तर भाऊ डावीकडे बसला असेल तर तुम्ही उजवीकडे, मध्ये निदान सहा बाकं आणि एक जाडा खांब. कोविडपासून तर फारच सोपं झालंय, लांबूनच हात जोडायचे, आणि जोडताना नजर खांबावर. मत्तयच्याच पाचव्या अध्यायात आहे म्हणे की अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. हे शब्दशः घेतलं तर रविवारी सात वाजताच्या मिस्साला वेदीपुढे नुसती पाकिटं पडतील आणि चर्च रिकामं. म्हणून आठवणच होऊ द्यायची नाही, अर्पणाच्या वेळी गाण्यात मोठ्याने भाग घ्यायचा.

आणि त्यागाचं म्हणाल तर, माणसं उगाच स्वतः करायला जातात. घरात बहीण आहे ना? ख्रिस्ती माणसाला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू, त्यात मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी दोघांना सारखा वाटा, एक गुंठा कमी नाही. पण कायदा वेगळा आणि माया वेगळी. उपवासकाळासारखा मुहूर्त नाही यासाठी. वातावरण भारलेलं असतं, शुक्रवारी क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना) होते, घरोघरी त्यागाच्या गोष्टी चाललेल्या असतात, अशा वेळी बहिणीला माहेरी जेवायला बोलवा, मघाशी सांगितलं तेच पापलेट करा, आईची आठवण काढा आणि जेवण झाल्यावर हक्कसोडपत्राचे कागद पुढे ठेवा. ती सही करेल. शंभरातल्या बहुतेक जणी करतात, कारण नाही केली तर उद्या तिच्या घरच्या कार्याला माहेरचं कोणी जाणार नाही हे तिला माहीत असतं. नंतर सातबाऱ्यावरून तिचं नाव गेलं की त्या आनंदात चर्चला एक बाक भेट द्या, पाठीवर आईवडिलांचं नाव कोरून. खाली सप्रेम भेट म्हणून तुमचं. तिचं नको, जागा पुरत नाही.

कोणी म्हणेल हा काय त्याग झाला. त्यांच्या तोंडावर संत गोन्सालो गार्सिया फेका. आपला माणूस, वसईचा, भारतात जन्मलेला पहिला संत, 1597 साली 5 फेब्रुवारीला नागासाकीला क्रुसावर बांधून भाले खुपसून मारला, 1862 मध्ये संतपद मिळालं. चांगला चाललेला व्यापार सोडून फ्रान्सिस्कन संन्याशांत साधा ब्रदर झाला, जपानी फर्डं बोलायचा, दुभाष्याचं काम करायचा. आता एका गावातून एवढा त्याग ऑलरेडी झालेला आहे तर बाकीच्यांनी परत तेच कशाला करायचं? आपण त्याच्या सणाला बँड लावावा, नवीन सूट शिवावा, आणि त्याने व्यापार सोडला हा भाग मुलांना सांगताना जरा भरभर सांगावा, नाहीतर कार्टी नको ते मनावर घेतात.

पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, येशूने शिष्यांचे धुतले तसे फादर बारा जणांचे पाय धुतात, त्या बारा जणांत तुमचं नाव येईल यासाठी मात्र जानेवारीपासूनच फिल्डिंग लावा. 2016 पासून बायकांचेही पाय धुता येतात, म्हणजे स्पर्धा वाढली. निवड झाली तर घरून पाय साबणाने स्वच्छ घासून, नखं कापून जा. फादरांसमोर मळके पाय घेऊन कोण बसतं?

एक दिवस फक्त सांभाळायचा. राखेच्या बुधवारनंतरचा शुक्रवार. त्या दिवशी मिस्साला पहिलं वाचन बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातलं असतं आणि त्यात देव एकदम अंगावर येतो, की उपवासाच्या दिवशीसुद्धा तुम्ही आपलाच फायदा बघता, मजुरांना राबवून घेता, मला हवा तो उपवास वेगळा आहे, दबलेल्यांना मोकळं करा, भुकेल्याला आपल्यातली भाकर द्या वगैरे. कोणाला वाटेल आपल्या वाडीत खणायला येणाऱ्या आदिवासी बायांविषयीच चाललंय, ज्यांना पुरुषांपेक्षा कमी हजेरी देतो आणि चहा वेगळ्या कपात. तेव्हा ते वाचन चुकवायचं. तसं ते सोपं आहे, मिस्सा सकाळची असते, आणि सकाळी तुम्हाला वेळ कुठे असतो, वाडीत माणसं लावायची असतात. संध्याकाळी सावकाश क्रुसाच्या वाटेला जा.