चुंबक थकत नाही, कारण तो काही करतच नाही

एक मजकूर दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागतो. सोबत चित्र असतं: लोखंडी तुळईला खालून चिकटलेला बोटभर चुंबक आणि त्याला टांगलेलं १० किलोचं वजन. मजकूर साधारण असा. हेच वजन तुम्ही हातात धरा, पाच मिनिटांत हात भरून येईल. चुंबक मात्र वर्षानुवर्षं धरून आहे. गुरुत्वाकर्षणाशी अहोरात्र झुंजायला त्याला ऊर्जा कुठून मिळते? विद्युतचुंबकाला याच कामासाठी सतत वीज लागते, म्हणजे साधा चुंबक तेवढी ऊर्जा फुकट तयार करतो. १० किलो गुणिले २४ तास, रोजची २४० ‘किलो-तास’ शक्ती! आणि पुस्तकं सांगतात, चुंबकाने केलेलं कार्य शून्य. ओझं वाहून घामाघूम झालेल्या माणसाचं कार्यही ती शून्यच धरतात. मग विश्वास कशावर ठेवायचा, पुस्तकावर की डोळ्यांवर?

हा मजकूर हसून सोडून द्यावासा मला वाटत नाही, कारण त्यातला पहिला प्रश्न खरा आहे. शाळेत मलाही तो पडला होता. ‘व्याख्येत बसत नाही’ एवढं उत्तर मिळालं आणि फळ्यावर पुढची व्याख्या आली. अशा अर्धवट उत्तरांच्या जागेवरच असले मजकूर उगवतात.

तर आधी हाताचंच बघू. ‘हात थकतो, म्हणजे वजन धरून ठेवायला ऊर्जा लागते.’ पहिलं वाक्य खरं, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक. हात थकतो तो हात स्नायूंचा आहे म्हणून. स्नायूचा तंतू एकदा आवळला की गाठीसारखा तसाच राहत नाही. त्याच्या आत मायोसिन नावाच्या प्रथिनाची सूक्ष्म डोकी शेजारचा ॲक्टिनचा धागा पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात. अशा प्रत्येक फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा, एक रेणू खर्ची पडतो. बाहेरून हात दगडासारखा स्थिर दिसतो, पण आत अखंड रस्सीखेच चाललेली असते. ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते, वजनाच्या वाट्याला त्यातलं काहीही येत नाही.

गाडी चालवणाऱ्यांना हे लगेच पटेल. चढावर गाडी थांबवायची आहे. एक मार्ग म्हणजे क्लच अर्धवट सोडून इंजिनाच्या जोरावर गाडी जागच्या जागी तोलून धरणं. इंधन जळतं, क्लच तापतो, गाडी तसूभर हलत नाही. दुसरा मार्ग म्हणजे हँडब्रेक ओढणं. चढ तोच, गाडी तीच, पण इंधन शून्य. मग ‘गाडी चढावर धरून ठेवायला किती इंधन लागतं’ याचं उत्तर काय? गाडीला काहीच लागत नाही, लागतं ते धरणाऱ्याच्या तऱ्हेप्रमाणे. आपला हात म्हणजे तो अर्धवट सोडलेला क्लच आणि चुंबक म्हणजे हँडब्रेक. निसर्गातही दोन्ही प्रकार आहेत. शिंपल्यांच्या काही जातींत शिंपा मिटून धरणारा स्नायू एकदा आवळला की जणू कुलूप लागतं, आणि मग तो ताण तासन्‌तास अगदी नगण्य खर्चात टिकतो. तेव्हा चुंबकाची तुलना हाताशी करणं हीच मुळातली गफलत. तुलना भिंतीतल्या खुंटीशी करायला हवी होती. खुंटीला ऊर्जा कुठून मिळते, असं कोणी विचारत नाही.

आता पुस्तकांवरचा आरोप. इथे मजकुराचं थोडं बरोबर आहे, आणि ते मान्य करायला हवं. ‘ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाचं कार्य शून्य’ हे वाक्य अनेक पुस्तकांत असंच, अर्धवट, छापलेलं असतं. भौतिकशास्त्रात कार्य हा शब्द एकटा येऊच शकत नाही. कोणत्या बलाने, कोणत्या वस्तूवर, हे दोन्ही सांगावं लागतं. २० किलोचं ओझं जमिनीवरून दीड मीटर उंच उचललं तर उचलणाऱ्या बलाने ओझ्यावर २९४ ज्यूल कार्य केलं. मग सपाटीवरून एकसारख्या वेगाने चालताना आधाराचं बल वरच्या दिशेने आणि विस्थापन पुढच्या दिशेने, म्हणजे काटकोनात, म्हणून त्या बलाचं ओझ्यावरचं कार्य शून्य. बस, एवढंच. चालणाऱ्याचं शरीर पावलागणिक किंचित वर-खाली होतं, पाय दर वेळी वेग घेतात आणि थांबतात, स्नायू आतल्या आत जळत असतात. यातलं काहीही शून्य नाही आणि शास्त्र ते शून्य म्हणतही नाही. घाम हा स्नायूंच्या खर्चाचा हिशेब आहे, ओझ्याच्या खात्यावर तो शोधून सापडणार नाही.

दोष शब्दाचाही आहे. १८२९ साली गास्पार-गुस्ताव कोरिओलिस यांनी यंत्रांचा हिशेब मांडताना बल गुणिले अंतर या राशीसाठी फ्रेंच भाषेतला रोजच्या कष्टाचा, श्रमाचा शब्द निवडला. तेव्हापासून जगभरची मुलं कष्ट आणि कार्य यांची गल्लत करत आली आहेत. मराठीत तर आपण जोर, बळ, ताकद, शक्ती, ऊर्जा हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो. बोलताना काही बिघडत नाही. गुणाकार करायला बसलं की बिघडतं.

आणि मजकुराने गुणाकार केलाच आहे. ‘२४० किलो-तास शक्ती.’ बल गुणिले वेळ म्हणजे ऊर्जा असती, तर इमारतींचे पाये हे जगातले सर्वांत मोठे ऊर्जाप्रकल्प ठरले असते. गंमत म्हणजे ही चूक फार खानदानी आहे. गतीचं खरं माप कोणतं, वस्तुमान गुणिले वेग की वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, यावर देकार्त आणि लायब्निझ या दोन तत्त्वज्ञ-गणितींचे अनुयायी कित्येक दशकं भांडले, देकार्तचे वेगाच्या बाजूने, लायब्निझचे वर्गाच्या. लायब्निझने १६८६ मध्ये तोंड फोडलेल्या या वादात १७२० च्या दशकात ग्राव्हेसांडे या डच शास्त्रज्ञाने पितळी गोळे मऊ मातीवर टाकून पाहिले. दुप्पट वेगाने आदळणारा गोळा मातीत दुप्पट नव्हे, चौपट खोल गेला. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने पुढे हीच बाजू हिरिरीने मांडली. आज आपण म्हणतो की दोन्ही मापं खरी आहेत, पण ती वेगळ्या गोष्टींची. बल किती वेळ लावलं यावरून संवेगातला (वस्तुमान गुणिले वेग) बदल कळतो, आणि बल किती अंतर चाललं यावरून ऊर्जेतला. टांगलेलं वजन तर अंतर कापतच नाही. राहिला संवेग. चुंबक जेवढं वर ओढतो तेवढंच पृथ्वी खाली ओढते, त्यामुळे त्यातही बदल नाही. म्हणजे ‘किलो-तासां’चा हा हिशेब कुठल्याच वहीत जमा होत नाही.

‘शक्ती’ तर आणखी वेगळी. शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. जेम्स वॉटने अश्वशक्ती ठरवली ती ३३,००० पौंड वजन मिनिटाला एक फूट चढवण्याच्या दराने, म्हणजे सुमारे ७४६ वॅट. नुसत्या उभ्या घोड्याची अश्वशक्ती शून्यच भरते, मग घोडा कितीही दांडगा असो.

विद्युतचुंबकाचा मुद्दा मात्र मजकुरातला सर्वांत चलाख मुद्दा आहे. वजन टांगलेलं असताना त्याला वीज लागते हे अगदी खरं. पण ती वीज जाते कुठे? तारेच्या रोधातून उष्णता होण्यात, सगळीच्या सगळी. वजन काढून घ्या, प्रवाह तेवढाच ठेवला तर वीज तेवढीच जळत राहील. रोध नाहीसा केला तर काय होतं हेही आपल्याला ठाऊक आहे. १९११ मध्ये कामरलिंग ओन्नेस या डच शास्त्रज्ञाला अतिवाहकता सापडली, म्हणजे अतिथंड केल्यावर काही पदार्थांचा रोध पार नाहीसा होणं. आज रुग्णालयातल्या अनेक एमआरआय यंत्रांत अतिवाहक तारेचं वेटोळं असतं. त्यात प्रवाह एकदा भरला की वीजपुरवठा तोडतात आणि प्रवाह आपला फिरत राहतो. यंत्राला वीज लागते ती वेटोळं थंड ठेवायला आणि बाकीच्या उपकरणांना. चुंबकीय क्षेत्र टिकवायला लागत नाही. म्हणजे विद्युतचुंबकही धरून ठेवण्याचं बिल कधी भरत नव्हता, तो तारेचं बिल भरत होता.

मग चुंबक कार्य करतच नाही का? करतो, पण एकदाच, ‘खट्’ आवाज करत लोखंडाला चिकटतो तेव्हा. किती? १० किलो पेलणाऱ्या चुंबकाचं बल सुमारे १०० न्यूटन, तेही अगदी टेकल्यावर. थोडं अंतर पडलं की ते झपाट्याने ओसरतं. तरी उदार होऊन पूर्ण बल ५ मिलिमीटरपर्यंत धरू: अर्धा ज्यूल. ५० ग्रॅमची वस्तू मीटरभर उचलण्याइतकं. आणि चुंबक ओढून सोडवताना तेवढंच कार्य आपल्या हाताला परत करावं लागतं. चाकावर चुंबक बसवून ‘आपोआप फिरणारी’ यंत्रं याच जागी अडकतात. जवळ येताना मिळालेलं दूर जाताना द्यावं लागतं, फेरी पुरी झाली की हातात शून्य, वर घर्षणाचा तोटा. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तर १७७५ मध्येच ठरवून टाकलं होतं की शाश्वत गतीच्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासायचे नाहीत.

एवढं सांगितल्यावर एक शेवटचा टोला हमखास येतो: ‘चुंबक जुना झाला की दुबळा होतो ना? म्हणजे धरून धरून त्याची ऊर्जा संपतेच!’ चुंबक दुबळे होतात ते उष्णतेने, आपटण्याने, उलट्या चुंबकीय क्षेत्राने. लोखंड ७७० अंश सेल्सियसच्या वर गेलं की त्याचं कायम चुंबकत्व उरतच नाही. धरून ठेवण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. प्रयोगशाळेत जुना पोलादी नालाकृती चुंबक कसा ठेवतात ते पाहा. दोन्ही टोकांवर मऊ लोखंडाची एक पट्टी आडवी चिकटवून मगच कपाटात. त्या पट्टीला तो महिनोन्‌महिने धरून बसतो, आणि ती काढून मोकळा ठेवला तरच लवकर दुबळा होतो.